ट्रॅक्टर घरचा, बॅकहो पाचांचा

पांढुर्णा आणि सौंसर ह्या तहसिली २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळ्या झाल्या व त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा नवा असला तरी शेती जुनीच आहे. वर सातपुड्याचा उतार, खाली काळी माती, तिच्या पोटात मुरूम आणि त्यावर संत्रा, कपाशी, तूर. ह्या शेतीत आता लहान ट्रॅक्टर आला आहे. दोन ओळींमधून सहज फिरणारा, फवारणी, वखरणी, डवरणी, खताची वाहतूक अशी बैलजोडीची बहुतेक कामे उरकणारा हा ट्रॅक्टर लोकांच्या पसंतीस उतरला, ह्यात नवल नाही.

त्याच्यापाठोपाठ आणखी एक मोह आला आहे. ह्याच लहान ट्रॅक्टरच्या मागे खोदणारा हात, म्हणजे बॅकहो, जोडून घ्यावा काय? ट्रॅक्टर घेतला की हा विचार मनात येतोच. खड्डे, चर, जुनी खोडे, पाइपलाइन ही सारी कामे घरच्या घरी होतील असे वाटते. वाटते ते खोटे नाही. पण ते पुरेही नाही.

आमचे मत आरंभीच सांगतो. लहान ट्रॅक्टर घरचा असावा. बॅकहो मात्र एकट्याने घेऊ नये, चार-पाच घरांनी मिळून घ्यावा. आणि तो चालविणारा माणूस एकच, नीट शिकलेला असावा. असे का, ते पुढे मांडले आहे.

हे यंत्र आहे तरी काय?

आपल्याकडे खोदणारे कोणतेही पिवळे यंत्र दिसले की लोक त्याला ‘जेसीबी’ म्हणतात. ते मुळात एका इंग्रज कंपनीचे नाव होय. त्या कंपनीने १९५३ साली असे यंत्र बाजारात आणले, आणि १९७९ साली एस्कॉर्ट्सबरोबर भागीदारी करून हरियाणातील बल्लभगड येथे कारखाना काढला. पुढे ते नावच यंत्राचे नाव होऊन बसले.

मोठा जेसीबी सात टनांहून अधिक वजनाचा असतो. लहान ट्रॅक्टर १५ ते २८ अश्वशक्तीचे असतात आणि त्यांचे वजन साधारण पाऊण ते सव्वा टन भरते. महिंद्राचा युवराज २१५ हा १५ अश्वशक्तीचा, तर जीवो २४५ हा २४ अश्वशक्तीचा. हा फरक नीट ध्यानात घ्यावा. मोठे यंत्रही खोदताना पाय टेकते, पण त्याच्या पाठीशी स्वतःचे वजन असते. लहान ट्रॅक्टरला ते वजन नाही. म्हणून खोदण्याआधी जमिनीवर टेकणारे त्याचे दोन पाय अधिकच महत्त्वाचे. चालक त्यांना जॅक म्हणतात. ते पाय घट्ट टेकले नाहीत, तर बकेट जमिनीत शिरण्याऐवजी ट्रॅक्टरच ओढला जातो.

बागेत त्याचा उपयोग कोठे?

संत्र्याची लागवड साधारण सहा मीटर बाय सहा मीटर अंतरावर करतात. म्हणजे हेक्टरी २७७ झाडे, एकरी सुमारे ११० झाडे. तेवढेच खड्डे. जेथे हातभर मातीखाली मुरूम लागतो तेथे टिकास आणि सब्बल मारून माणूस थकून जातो. तेथे बॅकहो खरा उपयोगी पडतो. उन्हाळ्यात खड्डे काढून उन्हात तापू द्यावेत आणि पावसाळा लागल्यावर भरून कलमे लावावीत, ही पद्धत आपणांस ठाऊक आहेच. एप्रिल आणि मे असे दोन महिने हाताशी असल्यामुळे एकच यंत्र चार-पाच वावरांत पाळीपाळीने फिरू शकते.

पण एक सावधगिरी बाळगावी. काळी माती ओलसर असताना बकेट फिरली तर खड्ड्याच्या भिंती थापटल्यासारख्या गुळगुळीत होतात. असा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला माठच. पाणी आत साचते आणि मूळ बाहेर जात नाही. तेव्हा खड्डे माती कोरडी असतानाच काढावेत आणि भरण्यापूर्वी टिकासाने भिंती खरवडून घ्याव्यात. खड्ड्याची वरची माती एका बाजूस व खालचा मुरूम दुसऱ्या बाजूस टाकावा. भरताना वरची माती आणि कुजलेले शेणखतच आत जावे. यंत्राला ही निवड कळत नाही. ती माणसानेच केली पाहिजे.

दुसरे काम निचऱ्याचे. काळ्या मातीत पाणी साचले की बुरशी मुळांत व बुंध्यात शिरते, सालीतून डिंक वाहू लागतो आणि झाड वाळते. ह्या डिंक्या रोगावर बोर्डो मलम लावतो, पण पाणी साचलेलेच राहिले तर मलमाने काय होणार? म्हणून दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने चर हवा. हा लहान चर नांगराने किंवा सरी पाडण्याच्या अवजाराने निघतो. त्यासाठी बॅकहो लागत नाही. बॅकहो लागतो तो सर्व चरांचे पाणी नाल्यापर्यंत नेणाऱ्या मुख्य चरासाठी.

तिसरे काम पाइपलाइनचे, आणि चौथे मेलेली झाडे मुळासकट काढण्याचे. ही दोन्ही कामे लहान यंत्र चांगली करते. मात्र उभ्या बागेत खोदताना हात आखडता ठेवावा. संत्र्याची अन्न घेणारी बहुतेक मुळे वरच्या हात-दीड हात थरातच असतात. एका फटक्यात तुटलेले मूळ पुढच्या बहाराला हिशेब मागते.

शेततळे खोदणे हे मात्र लहान बॅकहोचे काम नव्हे. ते काम त्याच्याकडून घेणे म्हणजे वासराला नांगराला जुंपणे होय. त्याला मोठे यंत्रच बोलवावे.

वहीत मांडून पाहावे

आता पैशाचा विचार करू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालून तीच मांडणी करावी.

समजा एका घरी दोन एकर नवी बाग लावावयाची आहे. २२० खड्डे झाले. एका खड्ड्याला सहा मिनिटे धरली तर २२ तास होतात. पाइपाच्या चराला १०, मुख्य चराला ८, जुनी झाडे काढण्यास १० आणि किरकोळ कामाला १० तास धरू. एकूण ६० तास झाले. शिवाय हे खड्डे दरवर्षी निघत नाहीत. एकदा लावलेली बाग अनेक वर्षे उभी राहते. म्हणजे ६० तास हे भरल्या वर्षाचे काम झाले.

समजा बॅकहोचा जोड तीन लाखांना पडला आणि दहा वर्षे टिकला. वर्षाची झीज ३०,००० रुपये, व्याज सरासरी १५,००० रुपये, तेल-नळ्या-दुरुस्ती ९,००० रुपये. एकूण ५४,००० रुपये. ६० तासांनी भागले तर तासाला ९०० रुपये पडतात. ह्यात डिझेल नाही, चालक नाही, ट्रॅक्टरची झीजही नाही. ह्या आकड्याशेजारी भाड्याच्या यंत्राचा आपल्या गावचा दर लिहावा आणि मग विचार करावा. भाड्याच्या दरात डिझेल व चालक बहुधा धरलेलेच असतात.

आता हेच यंत्र पाच घरांनी घेतले असे समजू. वर्षाला ३०० तास चालले. जास्त चालल्यामुळे ते दहाऐवजी सहाच वर्षे टिकले असेही धरू. वर्षाची झीज ५०,०००, व्याज १५,०००, दुरुस्ती ३०,०००. एकूण ९५,००० रुपये, म्हणजे तासाला सव्वातीनशेच्या आत. वरचा ९०० आणि हा सव्वातीनशे, ह्या दोन आकड्यांतच सारा युक्तिवाद आहे.

कोणी विचारील, ‘फोन केला की मोठे यंत्र दारात येते, मग विकत घ्यावेच कशाला?’ प्रश्न रास्त आहे. ज्याला वर्षातून दहा-वीस तासांचेच काम आहे आणि सोबतीला कोणी नाही, त्याने भाड्यानेच काम करून घ्यावे. पण मोठे यंत्र उभ्या बागेच्या ओळीत शिरत नाही, शिरले तर फांद्या मोडते, आणि सात टनांच्या चाकाखाली काळी माती दडपून विटेसारखी होते. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर ते ठेकेदाराच्या सवडीने येते, आपल्या सवडीने नव्हे.

एक गोष्ट आणखी. संत्र्याचा बहार कधी धरतो, कधी गळतो. आंबिया फसला म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. जे यंत्र वर्षातले दहा महिने पत्र्याखाली उभे राहणार, त्यासाठी कर्ज काढून वावर गहाण टाकू नये. शासनाच्या अनुदानासाठी मध्य प्रदेशात ई-कृषी यंत्र अनुदान पोर्टलवर अर्ज करता येतो. परंतु आपले यंत्र यादीत आहे काय, हे आधी पाहावे. अनुदान मिळते म्हणून यंत्र घेऊ नये. यंत्र लागते म्हणून अनुदान मागावे.

मिळून घेण्याची रीत

एकत्र यंत्र घेणे ही कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ पासून, शेतकऱ्यांनी मिळून यंत्रे घेण्याच्या सहकारी संस्था उभ्या केल्या. त्यांना तेथे ‘क्युमा’ म्हणतात. १९२९ साली स्थापन झालेल्या कॅथलिक ग्रामीण युवकांच्या संघटनेतून तयार झालेल्या तरुण शेतकऱ्यांनी ह्या संस्था गावोगाव नेल्या. जर्मनीत बव्हेरिया प्रांतात १९५८ साली दुसरी रीत निघाली. तेथे यंत्र ज्याचे त्याचे राहते, पण एका मंडळामार्फत ठरलेल्या दराने ते शेजाऱ्यास मिळते.

आपल्यासाठी ह्या दोन्हींचा मेळ बरा. बॅकहो पाचांचा, पण तो एकाच ट्रॅक्टरला नीट बसतो. तेव्हा तो ट्रॅक्टर कोणाचा, हे पहिल्याच दिवशी ठरवावे आणि त्या मालकाला ट्रॅक्टरचे तासाचे भाडे रोख द्यावे. ‘नंतर पाहू’ ह्या दोन शब्दांनी जितक्या भागीदाऱ्या मोडल्या, तितक्या भांडणांनीही मोडल्या नसतील.

एक वही घालावी. तीत तारीख, कोणाचे वावर, सुरू केल्याची व बंद केल्याची वेळ, डिझेल आणि सही, एवढेच लिहावे. दुरुस्तीसाठी दर तासामागे ठरावीक रक्कम बाजूला काढावी. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवावी आणि दरवर्षी पहिला नंबर बदलावा. घरी विधवा किंवा आजारी माणूस आहे त्याला पाळी आधी द्यावी, हे नियमात लिहिले नसले तरी आपणांस कळले पाहिजे. रविवारी मिस्सा झाल्यावर अर्धा तास बसून वही सर्वांसमोर वाचली तर संशयाला जागाच राहत नाही.

आणखी एक. शेतीच्या नावाने नोंदलेल्या ट्रॅक्टरने बाहेरची भाड्याची कामे केली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडू शकतो. म्हणून विम्याचा कागद आधी वाचून घ्यावा, नाहीतर जाणत्याकडून वाचवून घ्यावा.

घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, आपल्या ट्रॅक्टरला एवढ्या वजनाचा बॅकहो चालतो असे ट्रॅक्टरच्या कंपनीकडून लेखी घ्यावे. दुसरी, बॅकहो नुसता मागच्या तीन सांध्यांना अडकविलेला नसावा. ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढपर्यंत जाणारी लोखंडी चौकट असावी आणि तिला तो घट्ट बोल्ट केलेला असावा. नुसत्या तीन सांध्यांवर खोदण्याचा सारा जोर पडला तर ट्रॅक्टरचा मागचा भाग तडकतो. इतकेच नव्हे, तर अडकलेल्या बकेटच्या जोराने संपूर्ण जोड उचलला जाऊन चालकाला चिरडू शकतो. तिसरी, ट्रॅक्टरच्या तोंडाला पुरेसे वजन लावलेले असावे. मागे भार आणि पुढे हलके झाले की पुढची चाके जमीन सोडतात आणि सुकाणू हाती राहत नाही. चौथी, तेलाच्या नळ्या व पिना पांढुर्णा, सौंसर किंवा निदान नागपुरास मिळतात काय, हे पाहावे. नळी नाही म्हणून ऐन मे महिन्यात यंत्र उभे राहिले तर त्याचा उपयोग काय?

जीव आधी, खड्डा नंतर

ह्या पानावर शेतीबरोबर आरोग्याचाही विचार होतो. तेव्हा पुढील गोष्टी घरातील प्रत्येकाला वाचून दाखवाव्यात.

ट्रॅक्टर उलटणे. लहान ट्रॅक्टर उलटण्यास पापणी लवण्याइतका वेळ लागतो. चालकाच्या मागे उभी राहणारी लोखंडी कमान त्याला वाचविते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना ही कमान सक्तीची केली आणि तेथे अशा अपघातांतील मृत्यू पुष्कळ घटले. फांद्यांना अडते म्हणून कमान दुमडली असेल, तर बागेबाहेर येताच ती उभी करावी आणि पट्टा बांधावा. कमान नसेल तर पट्टा बांधू नये. उतारावर माती वरच्या बाजूस टाकावी. भरलेली बकेट खालच्या बाजूस फिरविली की तोल जातो. रस्त्याने जाताना हात मिटवून पिन लावावी आणि सावकाश जावे.

फिरता दांडा. ट्रॅक्टरच्या मागचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. लुगड्याचा पदर, ओढणी किंवा दुपट्टा त्यात गेला तर ‘थांबवा’ म्हणण्यासही वेळ मिळत नाही. त्यावरचे झाकण काढून ठेवू नये.

तेलाची बारीक चिळकांडी. ह्याविषयी आपल्याकडे फार थोड्यांना माहिती आहे. नळीला सुईएवढे भोक पडले तर दाबाखालचे तेल कातडी भेदून आत जाते. बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते आणि दुखतही फारसे नाही. परंतु आतले मांस सडू लागते. उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. म्हणून गळती कधीही हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. तेल कातडीत शिरले असा नुसता संशय आला तरी हळद किंवा मलम लावून बसू नये. त्याच घटकेस १०८ ला फोन करून रुग्णालयात जावे आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ह्यात तास मोजावे लागतात, दिवस नव्हे.

चर ढासळणे. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. छातीपर्यंत माती आली तरी माणसाला श्वास घेता येत नाही. काळी माती भेगाळलेली असते, तिची भिंत सांगून पडत नाही. खोदलेली माती काठापासून किमान दोन फूट दूर टाकावी. दीड मीटरहून खोल चरात आधार दिल्याशिवाय कोणीही उतरू नये. मजूरही नाही, मालकही नाही, आणि ‘फक्त एक मिनिट’ म्हणूनही नाही. उथळ चरातही भिंत भेगाळली असेल तर उतरू नये. विहिरीच्या काठाजवळ यंत्र नेऊ नये.

वर आणि खाली. हात वर उचलण्याआधी डोक्यावरची वीजतार पाहावी आणि जमीन खोदण्याआधी मोटारीची केबल व ठिबकचा पाइप कोठून गेला ते पाहावे. उघडा खड्डा रात्री तसाच सोडू नये. पावसात तो भरला की मुलांना आणि वासरांना तो खड्डा दिसतच नाही.

आणि चालकाची पाठ. दिवसभर हादरे खाणारी कंबर पन्नाशीत त्रास देते. तासाभराने उतरून चार पावले चालावे, कानात बोळे घालावेत, पाणी प्यावे.

एवढ्या साऱ्या गोष्टी पाच घरांतील पंधरा माणसे पाळतील, ही आशा फोल आहे. म्हणूनच आमचा आग्रह आहे की चालक एकच असावा. त्याला नीट शिकवावे, तासाप्रमाणे मजुरी द्यावी, आणि इतर कोणी, मालकाच्या मुलानेसुद्धा, त्या दांड्यांना हात लावू नये.

मजुराचे काय?

शेवटी एक प्रश्न, जो ट्रॅक्टरच्या दुकानात कोणी विचारीत नाही. हे खड्डे आजवर ज्यांनी खोदले, त्यांच्या घरच्या चुलीचे काय? मुरमात टिकास मारण्याचे कष्ट यंत्राने घेतले, तर त्यात वाईट काहीच नाही. त्या कष्टाने कित्येकांची कंबर मोडली आहे. पण कष्ट गेले म्हणून रोजीही जावी, हे न्यायाचे नव्हे. खड्ड्याच्या भिंती खरवडणे, माती निवडून भरणे, कलमे लावणे, बुंध्याला बोर्डो मलम लावणे, चरांची डागडुजी, ही कामे हाताचीच आहेत आणि ती नीट केली तरच बाग टिकते. यंत्राने वाचविलेल्या पैशातून ही कामे आधी त्याच माणसांना द्यावीत. आणि चालक शिकवावयाचा असेल, तर तो मजुराच्याच घरचा एखादा होतकरू तरुण का नसावा? ज्याच्या बापाने सब्बल चालविली त्याला जमिनीचा जीव अधिक कळतो.

शेतकरी बंधुभगिनींनो, येत्या उन्हाळ्याचे खड्डे काढण्यास अजून वेळ असेल, तोवर शेजारच्या चार घरांना बोलवा. प्रत्येकाने आपल्या वावरातील खोदकामाचे तास मोजून आणावेत. बेरीज पुरेशी झाली तर मिळून यंत्र घ्या. झाली नाही तर भाड्याने काम करून घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या कलमांत घाला. दोन्ही निर्णय शहाणपणाचेच आहेत. फक्त तास न मोजता, शेजाऱ्याच्या अंगणात उभे आहे म्हणून आपल्याही अंगणात यंत्र उभे करू नये.